युनिक्स संगणकावरील डिस्क-विभाजन : रूढ नियमांची चिकित्सा
(सुरगाणा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

वैयक्तिक संगणकावर युनिक्स अथवा लिनक्स प्रणाली बसवताना डिस्कचा कोणता भाग प्रणालीला, कोणता स्वॅपला आणि कोणता वापरकर्त्याच्या फायलींना द्यावा, हा निर्णय आरंभीच घ्यावा लागतो. 'स्वॅप मेमरीच्या दुप्पट', 'यूएसआर स्वतंत्र', 'होम स्वतंत्र' असे नियम पाठ्यपुस्तकांतून व प्रात्यक्षिकांच्या वह्यांतून वर्षानुवर्षे उतरत आले आहेत. नियम पाठ होतात. त्यामागील कारणे मात्र क्वचितच सांगितली जातात. प्रस्तुत लेखात या नियमांचा उगम तपासून सुरगाण्यासारख्या तालुक्यातील अध्यापकाच्या दृष्टीने त्यांची चिकित्सा केली आहे.

नियमांची पार्श्वभूमी

डेनिस रिची व केन थॉम्पसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या युनिक्सविषयक लेखात बेल प्रयोगशाळेतील पीडीपी-११/४५ संगणकाचे वर्णन आहे. त्यात फायली व स्वॅप यांसाठी १ मेगाबाइटची एक डिस्क आणि प्रत्येकी २.५ मेगाबाइटच्या बदलता येणाऱ्या चार डिस्क होत्या. म्हणजेच विभाजन ही त्या काळी योजना नव्हती. ती यंत्राची मर्यादा होती. 'यूएसआर' हे मुळात वापरकर्त्यांचे स्थान. मूळ डिस्क अपुरी पडल्यावर प्रणालीचे प्रोग्रामही तेथे गेले आणि अडचणीतून झालेली ही सोय पुढे संकेत बनली. फेडोरा १७ (२०१२) मध्ये मूळ 'बिन' निर्देशिका 'यूएसआर'मध्ये विलीन करण्यात आली. डेबियनने १२ व्या आवृत्तीपासून (२०२३) हीच रचना अनिवार्य केली. त्यामुळे वैयक्तिक संगणकावर 'यूएसआर' वेगळे ठेवण्याचा आग्रह आता निराधार ठरतो.

दुप्पट स्वॅपचा नियमही असाच कालसापेक्ष आहे. मेमरी काही मेगाबाइट असताना तो उपयुक्त होता. २००१ मध्ये आलेल्या लिनक्स २.४ च्या आरंभीच्या आवृत्त्यांनाही दुप्पट स्वॅपची गरज भासे. आज १६ गिगाबाइट मेमरी असलेल्या संगणकावर ३२ गिगाबाइट स्वॅप राखणे म्हणजे जागेचा अपव्यय होय. मेमरीतील स्थिती डिस्कवर उतरवून संगणक बंद करायचा असेल, तरच मेमरीइतका स्वॅप समर्थनीय ठरतो.

टिकणारा भाग

याउलट, सर्व काही एकाच विभागात ठेवावे, असाही एक पक्ष आहे. जागेचे अंदाज चुकत नाहीत, हा त्याचा गुण मान्य करावा लागेल. तथापि नोंदींच्या फायली अनियंत्रित वाढून 'व्हार' भरले, तर एकाच विभागात संपूर्ण प्रणाली अडते. तसेच 'होम' स्वतंत्र असल्यास ते फॉरमॅट न करता प्रणाली नव्याने बसवता येते. मात्र वापरकर्त्याचा ओळख-क्रमांक पूर्वीचाच ठेवण्याची दक्षता घ्यावी लागते. हे दोन युक्तिवाद आजही टिकतात. कारण त्यांचा आधार डिस्कच्या आकारात नाही. जे पुन्हा मिळू शकते आणि जे मिळू शकत नाही, यांतील भेदावर ते उभे आहेत.

सुरगाण्याचा संदर्भ

हा भेद मात्र सर्वत्र सारखा नसतो, याकडे पुस्तके दुर्लक्ष करतात. सुरगाणा हा गुजरातच्या सीमेला लागून असलेला डोंगराळ, आदिवासीबहुल तालुका आहे. पुण्या-मुंबईत प्रणाली व तिची पॅकेजेस तासाभरात पुन्हा उतरवता येतात; वीज व इंटरनेट यांचा तसा भरवसा नसेल, तेथे स्थापनेची प्रत आणि आवश्यक पॅकेजेसही जपून ठेवण्याची वस्तू ठरतात. त्यांच्यासाठी १५-२० गिगाबाइटचा लहानसा विभाग राखणे येथे चैन नाही.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. कोकणा बोलीतील गीते व कथा ध्वनिमुद्रित करणाऱ्या अध्यापकाच्या 'होम'मध्ये जे साठते, ते पुन्हा कोठूनही उतरवता येत नाही. गाणारी वृद्ध व्यक्ती पुन्हा भेटेलच असे नाही. सीडीच्या दर्जाचे एक तासाचे असंकुचित स्टिरिओ मुद्रण सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेते. १०० तासांसाठी सुमारे ६४ गिगाबाइट लागतात. ईएक्सटी-४ फाइलप्रणाली प्रत्येक विभागाचा ५ टक्के भाग प्रशासकासाठी राखून ठेवते. ४०० गिगाबाइटच्या 'होम'मध्ये ही राखीव जागा २० गिगाबाइट, म्हणजे सुमारे ३१ तासांच्या मुद्रणाइतकी होते. प्रणालीच्या विभागात ही तरतूद आवश्यक असली, तरी 'होम'पुरती ती कमी करता येते.

अंदाज चुकण्याची शक्यता गृहीत धरून काही जागा अवितरित ठेवणे आणि एलव्हीएमच्या साहाय्याने गरजेप्रमाणे विभाग वाढवणे श्रेयस्कर. ईएक्सटी-४ विभाग वापरात असतानाही वाढवता येतो. लहान करण्यासाठी मात्र तो वापरातून काढावा लागतो.

निष्कर्ष

विभाजनाच्या रूढ नियमांपैकी काही केवळ इतिहासाचे अवशेष आहेत, तर काहींमागील तत्त्व आजही सार्थ आहे. 'काय गमावले तर परत मिळणार नाही?' या प्रश्नापासून योजनेचा आरंभ व्हावा आणि त्याचे उत्तर स्थळानुसार बदलते, हे अध्यापनात स्पष्ट केले जावे. स्वतंत्र विभाग म्हणजे स्वतंत्र प्रत नव्हे, हेही तितकेच ठामपणे सांगणे आवश्यक आहे. सर्व विभाग एकाच डिस्कवर असतात. ती बिघडली की सारेच एकदम जातात. म्हणून मुद्रणांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर आणि शक्यतो वेगळ्या इमारतीत असल्याखेरीज कोणतीही विभाजन-योजना पूर्ण झाली, असे म्हणता येणार नाही.