मुखपृष्ठ सुटं केलं की काय उरतं?

आता संग्राहकांच्या एका सवयीकडे येतो. जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं सुटी करून विकली जातात. मुळगावकर किंवा दलाल असले तर चौकट करून भिंतीवर लागतात, आणि अंक रद्दीत. संग्राहक म्हणतात, निदान चित्र तरी वाचलं! हे अगदीच झटकून टाकता येत नाही. कारण ग्रंथालयांत अनेकदा नेमकं उलट झालं. बांधणी करताना मुखपृष्ठं आणि जाहिराती काढल्या, मजकूर तेवढा ठेवला. एकानं तोंड ठेवलं, दुसऱ्यानं धड.

वॉल्टर बेंजामिनचं म्हणणं असं की, संग्राहक वस्तूला उपयोगाच्या वेठबिगारीतून सोडवतो. कल्पना देखणी आहे. पण मासिकाला लावली की अडखळते. मासिकाचा उपयोग म्हणजे पान उलटणं. आणि काही चित्रं पान उलटल्याशिवाय पुरी होतच नाहीत.

'आवाज' घ्या. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेला विनोदी दिवाळी अंक. त्यातली खिडकीचित्रं तुमच्यापैकी अनेकांनी चोरून पाहिली असतील, बरं का! कागदाला खिडकी कापलेली, तीतून पुढच्या पानावरच्या चित्राचा तुकडा दिसतो. आपण मनात काहीतरी चावट धरतो, पान उलटतो, तर तिथं भलतंच साधं निघतं. फजिती आपली होते, चित्रातल्या बाईची नव्हे. म्हणजे हे चित्र कागदावर अर्धंच आहे, उरलेलं पाहणाऱ्याच्या मनात आणि बोटांत घडतं. त्याचं नुसतं वरचं पान स्कॅन करून मोबाइलवर फिरवलं, की चावटपणा तेवढा उरतो आणि त्याचं उत्तर गळतं. मग अश्लीलतेचा ठपका मात्र चित्रावर! हा मला निव्वळ अन्याय वाटतो.

दलालांचं प्रकरण निराळं. 'दीपावली' हा त्यांचा स्वतःचाच अंक, १९४५ पासूनचा. मुखपृष्ठावरचे दलाल आणि आत कथेच्या बाजूला उभे राहणारे दलाल शेजारी ठेवून पाहायचे, तर अंक अखंडच हवा. नुसत्या मुखपृष्ठावरून त्यांना 'सुंदर स्त्रियांचे चित्रकार' म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे.

तेव्हा घरात असा अंक असेल, तर गंजलेल्या पिना हलक्या हातानं काढा, सुती दोऱ्यानं शिवून घ्या. चिकटपट्टी नको, तिचे डाग पडतात. आणि शिवताना मुखपृष्ठ जागच्या जागी राहू द्या.