सहवासाचा वास्तववाद : लायनेल रोगोसिनचे चित्रपट

लायनेल रोगोसिनने (१९२४–२०००) आपले चित्रपट स्वखर्चाने काढले, ही बाब बहुधा चरित्रातील एक तपशील म्हणून नोंदवली जाते. वस्तुतः त्याच्या शैलीचा उगमच तिच्यात आहे. कापडउद्योगपतीच्या या मुलाने पदरच्या पैशातून स्वातंत्र्यापेक्षाही वेळ मिळवला. न्यूयॉर्कमधील बॉवरी भागातल्या मद्यपी, बेघर पुरुषांत तो कित्येक महिने कॅमेऱ्याविना वावरला. ‘ऑन द बॉवरी’ (१९५६) हा त्यानंतरचा.

रे सॅलियर आणि गॉर्मन हेन्ड्रिक्स हे तिथलेच दोघे या चित्रपटात केंद्रस्थानी आहेत. गॉर्मन रेची पेटी लांबवतो आणि पुढे त्या चोरीतून आलेल्या पैशांतले काही औदार्याचा आव आणून त्यालाच देतो. हा दंभ की दया, याचा निवाडा चित्रपट करीत नाही. रे बॉवरी सोडायला निघतो तेव्हा तो परत येईल, असे मागे उरलेला एक जण सहजपणे बोलून जातो. या वाक्यात उपदेश नाही, कारण ते आतून आलेले आहे. मात्र हेन्ड्रिक्स चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच मरण पावला. व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपटाचा गौरव झाला, पण ज्यांच्या जगण्यातून तो उभा राहिला त्यांच्या वाट्याला काय आले? सहवास कितीही प्रामाणिक असला तरी हे ऋण फिटत नाही.

‘कम बॅक, आफ्रिका’मध्ये (१९५९) या ऋणाची काहीशी जाणीव दिसते. सरकारला संगीतपटाची थाप देऊन जोहान्सबर्गमध्ये चोरून चित्रित केलेल्या या चित्रपटाच्या लेखनात लुइस न्कोसी व ब्लोक मोडिसान सहभागी होते. वंशभेदी राजवट सोफियाटाउन जमीनदोस्त करीत असतानाचा हा काळ. तेथील एका अवैध गुत्त्यात कृष्णवर्णीय बुद्धिजीवी गोऱ्या उदारमतवाद्यांच्या कनवाळूपणाची चिरफाड करतात, मग मिरियम मकेबा गाते. कथानक येथे जवळजवळ थांबते, आणि तरीही चित्रपटाचा सर्वांत जिवंत भाग हाच. ज्यांच्याविषयी बोलायचे तेच येथे बोलत आहेत, दिग्दर्शक ऐकतो आहे.

साठच्या दशकाच्या मध्यावरील ‘गुड टाइम्स, वंडरफुल टाइम्स’ याउलट तोकडा वाटतो. लंडनमधील मेजवानी आणि युद्धाची संग्रहित दृश्ये यांचा विरोध भेदक खरा, पण निष्कर्ष आधीच ठरलेला आहे. मेजवानीतल्या त्या माणसांसोबत रोगोसिन बॉवरीतल्याप्रमाणे कधी बसलाच नसावा.