४८ ग्रॅम कोणाचे?

सिनॉप्सिसच्या पहिल्या सेमिनारला माझ्या सातव्या स्लाइडवर एक वाक्य होतं. गरोदरपणाच्या आधीपासून पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला, तर बाळाचं जन्मवजन ४८ ग्रॅमने वाढतं. खाली संदर्भ, साल २०१४. मागच्या रांगेतून एका मॅडमनी विचारलं, "४८ ग्रॅम कोणाचे?" मी म्हटलं, "बाळाचे." सगळे हसले. मला प्रश्न कळलाच नव्हता.

खरं सांगायचं तर पेपर मी वाचला नव्हता. सारांश वाचला होता, आणि तोही 'सिग्निफिकंट काय आहे' एवढंच शोधत. तुम्ही पेटची तयारी करत असाल, सिनॉप्सिस लिहीत असाल, तर हे तुमच्याकडूनही होणार आहे. म्हणून आज तोच पेपर पुन्हा उघडू. मुंबईतल्या झोपडवस्त्यांमध्ये झालेला हा क्लिनिकल ट्रायल आहे. रमेश पोतदार, सिराजुल सहरिया, साउदॅम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल आणि सहकाऱ्यांनी तो 'अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशन'मध्ये छापला. 'मुंबई मॅटर्नल न्यूट्रिशन प्रोजेक्ट' किंवा 'सरस' या नावाने तो ओळखला जातो.

मी हा विषय का धरला तेही सांगते, कारण त्याशिवाय माझी चिडचिड कळणार नाही. मी दर्यापूरची. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, विहिरीचं पाणी खारं, त्यावर भाजीपाला घेणं अवघड. उन्हाळ्यात बाजारात दिसते ती पालेभाजी बाहेरून आलेली, कोमेजलेली आणि महाग. 'गरोदर बाईने भरपूर पालेभाजी खावी' हे वाक्य इथे फुकटचं नसतं. माझ्या वहिनीला दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिने फोनवर विचारलं होतं, "ताई, पालकात पैसे घालू का दुधात, येवढं सांगून द्या मले." माझ्याकडे तेव्हा उत्तर होतं. ४८ ग्रॅम!

आता पेपर.

कल्पना पुण्याजवळच्या खेड्यांमधून आली. केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये सहा गावांत 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' सुरू केला. त्यातून २००१ मध्ये शोभा राव यांचा पेपर आला. आईने एकूण किती कॅलरी खाल्ल्या, किती प्रथिनं खाल्ली, याचा बाळाच्या आकाराशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो दूध, पालेभाज्या आणि फळं किती वेळा खाल्ली याच्याशी. या निष्कर्षाने अनेकांचे डोळे उघडले आणि ते योग्यच होतं. पण ते निरीक्षण होतं. आठवड्यातून चारदा फळं खाणारी बाई इतर शंभर बाबतींतही वेगळी असते. संशोधक आकडेवारीत त्यातल्या काही गोष्टींचा हिशेब धरतात, पण सगळ्यांचा धरता येत नाही. म्हणून प्रयोग हवा होता, आणि तो मुंबईत झाला. एवढी साखळी नीट पुढे नेणारं काम आपल्याकडे थोडं आहे, हे आधी मान्य करते.

प्रयोग असा. अजून गरोदर नसलेल्या ६५१३ विवाहित स्त्रियांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एका गटाला रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ, समोशा-टिक्कीच्या चालीचा. दुसऱ्याला तसाच दिसणारा, पण बटाटा-कांद्यासारख्या कमी सूक्ष्मपोषक असलेल्या भाज्यांचा. खाऊ केंद्रावर येऊन खायचा, म्हणजे कोणी किती खाल्लं याची नोंद राहते. गर्भधारणेच्या आधीपासून सुरू करायचं हे या ट्रायलचं खरं वैशिष्ट्य, कारण बहुतेक योजना बाईला तिसरा-चौथा महिना लागल्यावरच पोचतात.

आता आकडे. ६५१३ पैकी २२९१ गरोदर राहिल्या. १९६२ जणींना जिवंत, एकटं बाळ झालं. त्यातल्या १३६० बाळांची मोजमापं वेळेत झाली. इथे थांबा आणि वजाबाकी करा. ६०२ बाळं मोजलीच गेली नाहीत! जवळजवळ तीनातलं एक.

कुठे गेली? माझा अंदाज सांगते. तुम्ही वऱ्हाडातले असाल किंवा कोकणातले, तुम्हालाही तोच सुचेल. बाई बाळंतपणाला माहेरी जाते. आमच्या गल्लीत दरवर्षी मुंबई-पुण्याहून दोन-तीन लेकी येतात, सातव्या महिन्यात ओटी भरून. जन्मानंतर वेळेत वजनकाटा घेऊन त्यांच्यापर्यंत कोण पोचणार? आता प्रश्न असा की माहेरी जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या बायका सारख्या असतात का. पहिलटकरीण जास्त जाते. जिचं माहेर धड आहे ती जाते. गळती दोन्ही गटांत सारखी असली, तरी उरलेल्या १३६० जणी कोणाचं प्रतिनिधित्व करतात हा प्रश्न राहतोच. कुठलाही ट्रायल वाचताना पहिल्यांदा तो चौकटी-बाणांचा आकृतिबंध उघडायचा, निष्कर्ष नंतर. मी हे उलटं करत होते.

मुख्य निकाल काय? 'इंटेन्शन-टू-ट्रीट' पद्धतीने, म्हणजे ज्या गटात टाकलं त्याच गटात धरून, फरक आला २६ ग्रॅम. कॉन्फिडन्स इंटरव्हल वजा १५ ते अधिक ६८, पी-व्हॅल्यू ०.२२. साध्या मराठीत, एकूण परिणाम दिसला नाही. लेखकांनी हेच आधी लिहिलंय, लपवलेलं नाही. लपवलं मी, माझ्या स्लाइडवर.

मग ४८ ग्रॅम कुठून आले? गर्भधारणेच्या किमान ९० दिवस आधी खाऊ सुरू झालेल्या बायकांपुरतं 'पर-प्रोटोकॉल' विश्लेषण केलं, तेव्हा. इंटरव्हल १ ते ९६, पी ०.०४६. तर मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर हे की ते ग्रॅम त्या उपगटाचे. सगळ्यांचे नव्हेत.

इथे जरा वेळ काढू, कारण पर-प्रोटोकॉल म्हटलं की आपल्याकडे लगेच 'चुकीचं' म्हणायची फॅशन आहे. नेहमीचा दोष असा असतो की ज्यांनी औषध नीट घेतलं नाही त्यांना वगळतात, आणि नीट घेणाऱ्या मुळातच वेगळ्या असतात, म्हणून चिठ्ठ्या टाकून मिळवलेली बरोबरी मोडते. इथली अट त्यापेक्षा सभ्य आहे. बाई खाऊ सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत गरोदर राहिली की नंतर, हे ती कुठल्या गटात आहे यावर फारसं ठरत नसावं. दोन्ही गटांतून सारख्याच प्रकारच्या बायका गळतात, म्हणजे तुलना बरीचशी शाबूत राहते. पण लवकर दिवस राहणाऱ्या बायका वगळल्यावर उरलेल्या निराळ्या असतात, आणि निकाल फक्त त्यांच्यापुरता. शिवाय इंटरव्हलचं खालचं टोक १ ग्रॅम आहे. ०.०४६ वर मी स्लाइड उभी केली. ०.०५४ आलं असतं तर? बाळं तीच राहिली असती.

तरी या सगळ्याहून मला बोचणारा आकडा वेगळाच आहे. आईच्या गरोदरपणाआधीच्या बीएमआयप्रमाणे तीन भाग केले, तर खाऊचा परिणाम असा : सर्वांत वरच्या भागात, बीएमआय २१.८ च्या वर, अधिक ९६ ग्रॅम. मधल्या भागात अधिक ३४. सर्वांत खालच्या, १८.६ च्या खाली, वजा २३ ग्रॅम. या फरकांची आकडेशास्त्रीय खूणही पक्की आहे, इंटरअॅक्शनचा पी खूपच लहान.

पुन्हा वाचा. ज्या बायका सर्वांत बारीक, ज्यांच्यासाठी आपण योजना आखतो, त्यांना काहीच मिळालं नाही.

सबग्रुपच्या निकालावर लगेच विश्वास ठेवू नये हे तुम्हाला शिकवलेलं असेलच. हा उपगट आधी ठरवलेला होता का, हे प्रोटोकॉलमध्ये जाऊन बघायची सवय लावा. पण हा नुसता योगायोग म्हणून झटकून टाकता येईल असंही मला वाटत नाही, कारण त्यामागे शरीरशास्त्र उभं राहू शकतं. खाऊत साधारण १६५ किलोकॅलरी होत्या आणि सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं. जिच्या ताटात मुळातच ऊर्जा कमी पडते तिचं शरीर हे आधी स्वतःसाठी वापरेल. आता गॅम्बियाकडे बघा. तिथल्या खेड्यांत गरोदर बायकांना शेंगदाण्याची बिस्किटं दिली, रोज हजार किलोकॅलरींच्या आसपास. १९९७ मध्ये 'बीएमजे'त आलेला निकाल : सरासरी १३६ ग्रॅम वाढ, आणि उपासमारीच्या हंगामात २०१. ज्या दिवसांत भूक जास्त, त्या दिवसांत फायदा जास्त. मुंबईत नेमकं उलटं. दोन्ही ट्रायल शेजारी ठेवले तर मला असं दिसतं की पुण्याच्या 'कॅलरीचा संबंध नाही' या वाक्याने आपल्याला थोडं जास्तच पुढे नेलं. पोटभर खाणारीला पालक उपयोगी पडत असेल, अर्धपोटीला आधी भाकर लागते.

माझी पेपरवरची खरी टीका मात्र दुसरीच आहे. दोन्ही खाऊ सूक्ष्मपोषकांतच वेगळे असायला हवे होते. दुसऱ्या खाऊत ९० च्या आसपास किलोकॅलरी, प्रथिनं तीन ग्रॅमच्या आत. म्हणजे ऊर्जा आणि प्रथिनं दोन्ही वेगळी. उद्या पूर्ण ट्रायलमध्ये मोठा फरक सापडला असता, तरी तो पालकातल्या फोलेटमुळे, दुधातल्या प्रथिनांमुळे की जास्तीच्या कॅलरींमुळे, हे सांगता आलं नसतं. अन्नाचे ट्रायल गोळ्यांसारखे स्वच्छ होत नाहीत हे मान्य. पण मग 'सूक्ष्मपोषकांचा परिणाम' असा शब्द वापरताना जपायला हवं.

आणि जन्मवजन हे माप तरी कितपत पुरेसं? याज्ञिकांनीच दाखवलंय की पुण्याची बाळं साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा पाऊण-एक किलोने हलकी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून. 'थिन-फॅट' बाळ. त्यांचा आणि जॉन युडकिन यांचा तो 'लॅन्सेट'मधला २००४ चा फोटो तुम्ही पाहिला असेल. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी एकाची २१.२ टक्के, दुसऱ्याची ९.१. मग खाऊने वाढलेले ९६ ग्रॅम स्नायूंचे की चरबीचे? वजनकाटा हे सांगत नाही. पुढे मधुमेह होणार की नाही हा आपला प्रश्न असेल, तर 'वजन वाढलं' हे उत्तर अर्धंच.

गंमत म्हणजे चयापचयाच्या बाजूने या ट्रायलमधला सर्वांत दमदार निकाल दोन वर्षांनी, २०१६ मध्ये 'जर्नल ऑफ न्यूट्रिशन'मध्ये वेगळा छापला गेला, आणि माझ्या सिनॉप्सिसमध्ये तो नव्हताच. गरोदरपणातला मधुमेह पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के, दुसऱ्या गटात १२.४ टक्के. ऑड्स रेशोचा इंटरव्हल ०.३६ ते ०.८६. फरक पाच टक्क्यांचा, म्हणजे साधारण वीस जणींना खाऊ दिला तर एकीचा मधुमेह टळतो. हा मोठा परिणाम आहे. पण ग्लुकोज पिऊन करायची चाचणी १००८ जणींचीच झाली, आणि ट्रायल मुळात जन्मवजनासाठी आखलेला होता. मी त्याला 'पक्कं' म्हणणार नाही. 'याच एका प्रश्नासाठी नवा ट्रायल करण्याइतकं मजबूत' एवढं म्हणेन. तुमच्यापैकी कोणाला विषय हवा असेल तर हा घ्या, मला हेवा वाटेल.

सेमिनारनंतर मी स्लाइड बदलली. मग वहिनीला फोन केला. दिवस राहायच्या आधीचं वजन विचारलं, ४२ किलो. उंची माझ्या आठवणीप्रमाणे पाच फूट एक इंच. बीएमआय अठराच्या खाली. तिला म्हटलं, पालक मिळेल तेव्हा घे, पण त्यासाठी दूध, शेंगदाणे किंवा दुसरी भाकर कमी करू नकोस, आणि साखरेची चाचणी चुकवू नकोस. दवाखान्यात काय सांगतात तेही विचार.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण ताई, त्या मुंबईच्या बाया माझ्यासारख्या व्हत्या का?"

मी म्हटलं, "तीनातली एक."