मिरास : त्यांची आणि आपली

सेनेगलच्या मारियामा बा (१९२९–१९८१) यांची ‘सो लाँग अ लेटर’ ही पत्ररूप कादंबरी मूळ फ्रेंचमध्ये १९७९ साली आली. रामातुलाय ही शिक्षिका, बारा मुलांची आई. ती इद्दतीत बसून मैत्रिणीला लिहिते. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याने मुलीच्याच मैत्रिणीशी, बिनेतूशी, दुसरा निकाह केलेला. तो वारल्यावर दीर निकाहाची मागणी घालतो. ती साफ नकार देते, पण ईमान सोडत नाही. तिचा राग धर्माच्या आडून सोय पाहणाऱ्या पुरुषांवर आहे.

कादंबरीत ‘मिरास’ हा शब्द भेटतो आणि आम्ही थबकतो. तिथे मिरास म्हणजे मयताचे सारे व्यवहार उघडे करणे. त्यातच कळते, दोघांच्या बचतीचे घर नवऱ्याने गहाण टाकले होते. हाच अरबी शब्द सातारा-सांगलीच्या मातीत मिरासदार होऊन मराठी झाला. सूरह अन-निसाने लेकीला हिस्सा दिला. आपण मात्र ‘माहेर तुटेल’ म्हणत तिची हक्कसोडपत्रावर सही घेतो.

उणीव एकच. गरिबीपायी आईने उजवलेली बिनेतू इथे स्वतः बोलत नाही.

लेखिकेच्या मुलखात घरी वोलोफ, नमाजात अरबी, लिहायला फ्रेंच. आपल्याकडे घरी दखनी, नमाजात अरबी, लिहायला मराठी. म्हणूनच आम्हाला वाटते, असे पत्र आपल्या आया-बहिणींनी मराठीत लिहावे, आणि सही करण्याआधी लिहावे.