रूढी कोणी घडविली?

मार्टिन चॅनॉक यांचा १९८५ सालचा ‘लॉ, कस्टम अँड सोशल ऑर्डर’ हा ग्रंथ मलावी व झांबिया येथील रूढिजन्य कायद्याचा इतिहास सांगतो. प्राचीन म्हणून मानली गेलेली पुष्कळशी रूढी वस्तुतः इंग्रजी अमदानीत, जमातींचे प्रमुख व गोरे अधिकारी यांच्या परस्परसोयीने घडली, आणि तीमुळे स्त्रिया व तरुण यांवरील वडीलधाऱ्यांची पकड घट्ट झाली, हे त्यांचे प्रतिपादन साधार आहे. परंतु रूढी बदलण्याची समाजाची स्वतःची शक्ती या विवेचनात काहीशी झाकोळते. दक्षिण आफ्रिकेतील वलोयी जमातीचे प्रमुख १९६८ साली वारले, तेव्हा केवळ कन्या म्हणून फिलिया शिलुबाना यांना गादी नाकारली गेली. ती चुलत्याकडे गेली. पुढे जमातीच्या धुरीणांनीच फिलियांना प्रमुखपद देण्याचे ठरविले, आणि २००८ साली तेथील संविधान न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. रूढी पाळणाऱ्यांस ती सुधारण्याचाही अधिकार आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

हा प्रश्न आपणांस परका नाही. गोव्यातील हिंदूंच्या चालीरीती पोर्तुगीज सरकारने १८८० साली हुकूमनाम्याने लेखनिविष्ट केल्या. ‘रूढीला हात लावू नका’ असे कोणी म्हणेल तेव्हा ती कोणी लिहविली, कोणास विचारून, हे आधी पाहावे. ते पाहण्याची दृष्टी हा ग्रंथ देतो. म्हणून, उणीव ध्यानी ठेवून, तो अवश्य वाचावा.