‘डिसइंटरेस्टेड’ : रस आणि हितसंबंध

आज एकाच इंग्रजी विशेषणाविषयी बोलायचं आहे. ‘डिसइंटरेस्टेड’. पुष्कळांना वाटतं, याचा अर्थ ‘रस नसलेला’. शुद्ध इंग्रजी शिकवणारी पुस्तकं बजावतात की तो ‘अनइंटरेस्टेड’. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याचा हितसंबंध गुंतलेला नाही असा, निःपक्षपाती. घोटाळ्याचं मूळ ‘इंटरेस्ट’ या शब्दात आहे. आपल्याकडे रस वेगळा, हितसंबंध वेगळा आणि बँकेतलं व्याज वेगळं. इंग्रजी या तिन्हींना एकाच शब्दावर भागवते.

हा नियम मीही वर्षानुवर्षं शिकवला. एका विद्यार्थ्यानं प्रबंधात ‘कंटाळलेला’ या अर्थी हा शब्द लिहिला, तेव्हा मी तो लाल शाईनं खोडला. शेरा मारला, ‘अशुद्ध’. पुढे ऑक्सफर्डचा मोठा कोश उघडला आणि ओशाळलो. सतराव्या शतकात ‘डिसइंटरेस्टेड’ हा ‘रस नसलेला’ या अर्थीही वापरलेला आहे आणि ‘अनइंटरेस्टेड’ चक्क ‘निःपक्षपाती’ या अर्थी!

मग भेद सोडून द्यायचा का? मला तसं वाटत नाही. तो इतिहासासाठी नव्हे, गरजेसाठी राखावा. खटला चालवणारा न्यायाधीश ‘डिसइंटरेस्टेड’ हवा. ‘अनइंटरेस्टेड’ असेल तर तो डुलक्या घेईल. दोन्हींना एकच शब्द उरला, तर पूर्ण लक्ष देऊनही स्वार्थ न ठेवणं, हा गुण सांगायचा कसा?

कांटनं १७९० मध्ये सौंदर्याच्या आनंदाला हितसंबंधरहित म्हटलं. त्यानं राजवाड्याचं उदाहरण दिलं आहे. तो सुंदर आहे का, हे ठरवताना तो आपल्याला हवा की नको, हा प्रश्न गैरलागू. पण म्हणून पाहणारा उदासीन असतो का? मुळीच नाही. मॅथ्यू अर्नोल्डनं १८६४ च्या निबंधात समीक्षेसाठी हाच गुण मागितला आणि त्याच निबंधात जिज्ञासेचीही बाजू घेतली. दोन्ही हातात हात घालून चालतात.

तेव्हा लिहिताना संदिग्धता वाटली, तर सरळ ‘इम्पार्शल’ लिहा. दुसऱ्यानं जुन्या अर्थानं लिहिलं, तर त्याला अडाणी ठरवू नका. काय म्हणायचं होतं, ते आधी विचारा. मी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मला शब्दात रस होता, पण माझा नियम खरा ठरण्यात हितसंबंधही होता. त्या विद्यार्थ्याचा परीक्षक ‘डिसइंटरेस्टेड’ नव्हता.