‘झाडपट्टी’ : एका हेटाळणीच्या शब्दाचा अर्थविचार

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांच्या वनप्रदेशास ‘झाडपट्टी’ किंवा ‘झाडीपट्टी’ असे म्हटले जाते. शहरी बोलण्यात हा शब्द पुष्कळदा मागासलेपणाच्या अर्थाने येतो. हा अर्थ शब्दाच्या मुळातच आहे काय, याचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

प्राकृतात ‘झाड’ म्हणजे दाट झुडपांची जागा. प्रमाण मराठीत तो शब्द एका वृक्षापुरता संकोचला. ‘झाडपट्टी’त मात्र त्याचा जुना समूहवाचक अर्थ टिकून राहिला. ‘पट्टी’ म्हणजे भूभागाचा पट्टा, जसे किनारपट्टी. ‘कोकणपट्टी’ हा शब्दही रचनेने असाच आहे. परंतु तो उच्चारताना कमीपणाची छटा येत नाही. तेव्हा हेटाळणी व्युत्पत्तीत नसून बोलणाऱ्याच्या दृष्टीत आहे, असे म्हणावे लागते.

बोलीच्या बाबतीतही हेच घडते. प्रमाण मराठीतील ‘डोळा’ वऱ्हाडीत ‘डोया’, तर झाडीबोलीत ‘डोरा’ होतो. ‘पाणी’चे ‘पानी’ होते. हे ध्वनिबदल नियमित आहेत. त्यांना अशुद्ध म्हणणे शास्त्रीय नव्हे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा स्वतंत्र बोली म्हणून अभ्यास मांडला, त्याचे महत्त्व यातच आहे.

या शब्दाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती रंगभूमीने. वडसा (देसाईगंज) येथील नाट्यमंडळे दिवाळीनंतर गावोगावी रात्रभर नाटके करतात आणि स्वतःस अभिमानाने ‘झाडीपट्टी रंगभूमी’ म्हणवितात. गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तथापि एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. या रंगभूमीवरील अनेक नाटकांत गंभीर पात्रे प्रमाण मराठी बोलतात आणि झाडीबोली विनोदी पात्राच्या वाट्याला येते. नाव अभिमानाचे झाले, बोली मात्र हशापुरतीच उरली.

सारांश, शब्दाचा अर्थपालट अद्याप अपूर्ण आहे. तो पूर्ण करण्यात महाविद्यालयीन अध्यापकांचाही वाटा आहे. विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेतील ‘डोरा’ खाली लाल रेघ ओढण्यास हरकत नाही. परंतु तेथे प्रमाणरूप लिहावे एवढेच त्याला सांगावे. त्याची बोली चुकीची आहे, असे सांगू नये.